हिशेब चोख, माणसं वजा

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, बाराव्या अध्यायात एक माणूस येतो, त्याला नाव नाही, चेहरा नाही, एकच वाक्य बोलतो आणि गायब होतो. येशूभोवती हजारोंची गर्दी जमलीय, एकमेकांना तुडवतील इतकी, आणि तो काहीतरी फार मोठं बोलतोय, कोणाला भ्यावं कोणाला भिऊ नये, देवाला चिमणीचीसुद्धा आठवण असते, पवित्र आत्मा ऐनवेळी शब्द देईल वगैरे. आणि मध्येच हा माणूस ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला जरा सांगा ना, माझा वाटा दे म्हणून!

मला तो माणूस फार ओळखीचा वाटतो. उपदेश चालू असताना डोक्यात प्रॉपर्टी चालू असणारा. तो ऐकतच नव्हता, पॉज कधी मिळतो याची वाट बघत होता एवढंच. रविवारी माझ्या डाव्या उजव्या बाजूला असे बरेच बसलेले असतात, आणि मधल्या खुर्चीबद्दल मी काही बोलत नाही.

येशू त्याला सरळ नाही म्हणतो. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आता गंमत बघा, त्या काळी धर्मगुरूंकडे असे वाद नेणं काही विचित्र नव्हतं, मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणजे निकाल द्यायचा तर दोन मिनिटांचं काम. आणि येशू कुठेही म्हणत नाही की तुझी मागणी चुकीची आहे. कदाचित भावाने खरंच सगळं दाबलं असेल, कदाचित या बिचाऱ्याचा दावा शंभर टक्के खरा असेल. तरी येशू त्यात हात घालत नाही, उलट गर्दीकडे वळून म्हणतो, लोभापासून सांभाळा, माणसाचं जीवन त्याच्या मालमत्तेच्या ढिगात नसतं. आणि मग तो श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो, जो आपण सगळ्यांनी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की ऐकू येणं बंद झालंय.

त्या दाखल्यातला माणूस चोर नाहीये हे आधी लक्षात घेऊ. त्याने कोणाला फसवलं असं कुठेच लिहिलेलं नाही, जमीन छान पिकली, बस. आता एवढं धान्य ठेवायचं कुठे हा त्याचा प्रॉब्लेम. आणि तो विचारतो, काय करू? कोणाला विचारतो? स्वतःलाच. उत्तर कोण देतं? तोच. जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो, माझं धान्य, माझा माल, आणि मग स्वतःच्याच जिवाला म्हणतो, बाबा रे, आता आराम कर, खा, पी, मजा कर. अख्ख्या दाखल्यात बायको नाही, मुलगा नाही, शेजारी नाही, ज्यांनी ते शेत कापलं असेल ते मजूर नाहीत. एवढं पीक आलं तर कोणालातरी हाक मारून सांगावंसं वाटेल की नाही, अरे बघ यंदा काय पिकलंय म्हणून? त्याच्याकडे सांगायला कोणी नाही. पूर्ण दाखल्यात त्याच्याशी बोलणारा एकच, देव, आणि तोही म्हणतो मूर्खा, आज रात्री तुझा जीव परत मागितला जाईल, मग हे सगळं कोणाचं होणार?

कोणाचं होणार म्हणजे काय, वारसांचं होणार! आणि ते वारस उद्या कुठल्यातरी गर्दीत उभे राहून ओरडणार, गुरुजी, माझ्या भावाला सांगा. प्रश्न विचारणाऱ्याला येशूने त्याच्याच भांडणाची आदली पिढी दाखवली असं मला आजकाल वाटतं. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने याच दाखल्यावर एक प्रवचन केलं होतं, त्यात तो म्हणतो की तुझ्या घरात पडून असलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे. दान कर असं नाही म्हणत, त्याचंच आहे म्हणतो. सोळाशे वर्षं होऊन गेली तरी वाचताना कपाटाकडे नजर जातेच.

पण मला आज लोभावर लिहायचं नाहीये. लोभ वाईट हे लोभी माणसालाही मान्य असतं, फक्त आपण लोभी आहोत हे मान्य नसतं. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे आपण बरोबर असतो तेव्हाचा. कागद आपल्या बाजूने, न्याय आपल्या बाजूने, चार लोक आपल्या बाजूने, आणि तरी शेवटी हातात वस्तू उरते आणि माणूस जातो. असे किती तरी लोक मी पाहिलेत जे केस जिंकले आणि त्यानंतर लग्नकार्यात त्यांच्याकडून बोलवायला माणूसच उरला नाही.

आमच्याच घरातलं सांगते. आई गेल्यावर आम्ही भावंडं घर आवरायला बसलो. भांडण व्हावं असं घरात काही नव्हतंच, पुस्तकं, भांडी, चादरी, सगळं हसत रडत वाटलं गेलं, हे तू ने, ते तुला शोभेल, असं. आणि मग कोपऱ्यातलं शिलाई मशीन आलं. पायाचं, जुनं, पट्टा तुटलेला, फळी एका बाजूने फुगलेली, ड्रॉवरमध्ये बटणांचा डबा आणि सुईखाली अर्धवट शिवलेली उशीची खोळ तशीच अडकलेली, दोरा अजून सुईत. दादा म्हणाला मशीन मी नेतो. ताई म्हणाली मी नेणार होते. दोघांनाही शिवता येत नाही, बटण तुटलं तर दोघं दुसऱ्याकडे बघतात. पण दादा म्हणाला, माझे शाळेचे सगळे युनिफॉर्म तिने यावर शिवलेत. ताई म्हणाली, शेवटच्या आजारपणात रात्री कोण जागत होतं, तू तर फोनवर होतास.

झालं. मशीन बाजूलाच राहिलं. मग कोणाच्या शिक्षणाला किती खर्च झाला, कोणाच्या मुलांना आईने जास्त सांभाळलं, सगळं बाहेर आलं, वर्षानुवर्षं कोणीतरी मनात वही लिहीत होतं आणि आज ती वाचून दाखवत होतं. मला तेव्हा कळलं की हे लोखंडाच्या मशीनवरून नाही चाललेलं, आई कोणाची जास्त होती यावरून चाललंय, आणि ती वाटणी कोण करणार? येशूनेसुद्धा हात वर केले होते!

मशीन शेवटी दादाकडे गेलं. त्यावर आता एक कुंडी ठेवलेली असते. ताईने बरेच दिवस त्याला फोन केला नाही, आणि मग एकदा केला, मशीनचा विषयच न काढता, त्याच्या मुलीला ताप होता म्हणून. कोण जिंकलं ते मला विचारू नका. ताईचा पॉइंट बरोबर होता, आजही बरोबर आहे, ती रात्री जागली होती हे खरंच आहे. फक्त तिने तो पॉइंट खाली ठेवला आणि फोन उचलला.

उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, तेराव्या अध्यायात अब्राहाम हेच करतो (तेव्हा त्याचं नाव अब्राम होतं, पण राहू दे). तो आणि पुतण्या लोट, दोघांकडे इतकी जनावरं झाली की एका जागी चारा पुरेना आणि गुराख्यांची रोज मारामारी. अब्राहाम काका, वयाने मोठा, देवाने वचन त्याला दिलेलं, म्हणजे आधी निवडायचा अधिकार कोणीही त्यालाच दिला असता. तो म्हणतो, आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. लोट काय करतो? काका, तुम्ही आधी, असं एकदाही म्हणत नाही. डोळे वर करून बघतो आणि यार्देन नदीकाठचा हिरवागार पाण्याचा भाग उचलतो, थेट सदोमाच्या दिशेला. नवरा बायको हा अध्याय एकत्र वाचत असतील तर इथे एकजण हमखास म्हणतो, तुमच्या घरात पण असे लोट आहेत.

पुढच्याच अध्यायात राजांच्या लढाईत लोट पकडला जातो, मालमत्तेसकट. बातमी अब्राहामाला कळते. भोग म्हणावं आता, चांगली जमीन हवी होती ना! असं मी म्हणाले असते. अब्राहाम आपल्या घरचे ३१८ माणसं घेऊन निघतो, रात्री हल्ला करतो आणि पुतण्याला सोडवून आणतो. आणि सदोमाचा राजा जेव्हा म्हणतो की माणसं मला दे, माल तू ठेव, तेव्हा अब्राहाम म्हणतो तुझा दोरा किंवा जोड्याचा बंदसुद्धा नको. जमीन सोडताना त्याने लोटाला सोडलं नव्हतं हे तिथे समजतं. पुष्कळदा आपण वस्तू तर सोडतो, घे बाबा तूच घे, आणि त्याबरोबर माणूसही टाकून देतो, आणि त्याला त्याग म्हणतो.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला (धाकटा मुलगा आपला वाटा उडवून घरी परततो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो) थोरला भाऊही असाच, पूर्णपणे बरोबर. मी इतकी वर्षं राबतोय, तुमची आज्ञा मोडली नाही, मित्रांबरोबर मजा करायला मला कधी करडूही दिलं नाहीत, आणि हा सगळं उडवून आला तर पुष्ट वासरू! यातलं एक वाक्य खोटं आहे का? बाप ते खोडतही नाही. तो म्हणतो बाळ, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. आणि ते अक्षरशः खरं होतं, कारण गोष्टीच्या सुरुवातीलाच बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली होती, धाकट्याने आपलं उडवलं म्हणजे उरलेलं याचंच. तो स्वतःच्या गोठ्यासमोर उभा राहून करडू मिळालं नाही म्हणून रडतोय. आणि हा तुमचा मुलगा, असं म्हणतो, माझा भाऊ म्हणत नाही, ते बापाला त्याला आठवण करून द्यावं लागतं. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही, आणि पाळक लोक सहसा धाकट्यावरच प्रवचन करतात कारण थोरले सगळे समोर बसलेले असतात.

आता इथे मला एक गोष्ट जोरात सांगायचीय, कारण वर लिहिलेलं सगळं चुकीच्या माणसाच्या हातात पडलं तर भयंकर वापरलं जातं. नाती महत्त्वाची, वस्तूंचं काय घेऊन बसलीस, असं म्हणून ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याच्याकडूनच सही घेतली जाते. बहिणीकडून, विधवा वहिनीकडून, सगळ्यात मऊ स्वभावाच्या भावाकडून. आणि वर वचन ऐकवतात! त्यांच्यासाठी गणना पुस्तकातला सत्ताविसावा अध्याय आहे. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणतात की आमच्या वडलांना मुलगा नव्हता म्हणून त्यांचं नाव का पुसावं, आम्हाला आमच्या काकांच्या बरोबरीने वतन द्या. मोशे देवाला विचारतो. आणि देव असं म्हणत नाही की मुलींनो, नाती जपा, काकांना वाईट वाटेल. देव म्हणतो, त्या बरोबर बोलतायत, त्यांना द्या.

मग येशूने त्या माणसाला झिडकारलं आणि या मुलींना देवाने दिलं, हे कसं काय? मी यावर बराच विचार केला आणि मला जे जमलं ते असं, की सोडून देण्याचा उपदेश माणूस फक्त स्वतःला करू शकतो. अब्राहामाने लोटाला नाही सांगितलं की तू सोड. ज्याचा हात वर आहे, ज्याच्याकडे किल्ली आहे, त्यानेच पहिलं पाऊल मागे घ्यायचं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सोडून दे म्हणणं म्हणजे नातं जपणं नाही, ते लुबाडणं आहे, फक्त आवाज मऊ ठेवून केलेलं. येशूला या गोष्टीची फार चीड होती. मार्कच्या सातव्या अध्यायात तो त्या लोकांवर तुटून पडतो जे आईबापांना सांगायचे की तुम्हाला माझ्याकडून जी मदत व्हायची ती आता कुर्बान आहे, म्हणजे देवाला वाहिलीय, सॉरी. मंदिराला दिलं म्हणून आईला नाही! देवाचं नाव घेऊनसुद्धा माणसाला टाळता येतं हे त्याने ओळखलं होतं.

आणि दुसरी बाजू पण आहे. वस्तू म्हणजे पाप, पैसा म्हणजे सैतान, असं बायबल म्हणत नाही. प्रेषित पौल आपल्या शिष्य तीमथ्याला सगळ्या वाईटाचं मूळ म्हणून लिहितो ते पैशाच्या लोभाबद्दल, सगळेजण तेवढा शब्द गाळून वाचतात, आणि त्याच अध्यायात खाली लिहितो की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं भरपूर देतो. लूकच्या सोळाव्या अध्यायात तर येशू चक्क म्हणतो की या धनाने मित्र जोडा. पैशाने मित्र! पहिल्यांदा वाचलं की दचकायला होतं, पण मला त्यात फार मोकळीक वाटते. पैसा संपणारच आहे, तो संपायच्या आत माणसांवर संपव, इतकं साधं.

बेथानीत एक बाई येशूच्या डोक्यावर सुगंधी तेलाची कुपी फोडून ओतते. ३०० दिनारांपेक्षा जास्त किमतीचं तेल, आणि मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका क्षणात केसांतून ओघळली. बसलेले काही लोक चिडतात, ही नासाडी कशाला, विकून गरिबांना देता आलं असतं. त्यांचा हिशेबही परत बरोबरच आहे बघा, हिशेब करणाऱ्यांचा कायम बरोबर असतो. येशू म्हणतो तिला त्रास देऊ नका, तिने माझ्यासाठी चांगलं काम केलंय. आणि लगेच पुढची ओळ, यहूदा, येशूचाच एक शिष्य, त्याला पकडून द्यायला उठून मुख्य याजकांकडे जातो. मत्तय सांगतो की तिथे चांदीची ३० नाणी मोजून दिली गेली. एकीने वस्तू मोडली माणसासाठी आणि एकाने माणूस मोडला नाण्यांसाठी, एकाच अध्यायात, आणि दुसरा तीन वर्षं त्याच्याबरोबर एका ताटात जेवलेला.

वधस्तंभाजवळचं योहानाने लिहिलेलं मला नेहमी थांबवतं. शिपाई येशूचे कपडे घेऊन चार वाटे करतात, प्रत्येकाला एक. अंगरखा उरतो, तो वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, फाडला तर वाया जाईल म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकतात. त्याच्या नावावर पृथ्वीवर जे काही होतं त्याची वाटणी त्याच्या डोळ्यांसमोर चाललीय, आणि तो तिकडे बघतही नाही. तो आईकडे बघतो आणि शेजारी उभ्या शिष्याकडे, आणि म्हणतो, बाई, हा तुझा मुलगा. आणि त्याला, ही तुझी आई. त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. दोन वाटण्या एकाच वेळी, दोन हातांच्या अंतरावर.

तरी पण नाती म्हणजेच सर्वस्व, असंही ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही, हे सोयीचं नसलं तरी सांगायला हवं. आई आणि भाऊ बाहेर उभे राहून बोलावतायत तेव्हा येशू म्हणतो, माझी आई कोण, माझे भाऊ कोण, आणि भोवती बसलेल्यांकडे बघतो. फॅमिली फॅमिली म्हणून जे लोक बाहेरच्या प्रत्येकाला दार लावतात त्यांच्यासाठी ते आहे. आपलं घर हेसुद्धा एक मोठं कोठार होऊ शकतं. आणि वस्तू सोडल्या की नाती आपोआप जुळतात असंही नाही. असिसीच्या फ्रान्सिसने १२०६ च्या सुमारास बिशपसमोर अंगावरचे कपडे काढून कापडाच्या व्यापारी बापाला परत दिले, जगाला एक संत मिळाला, पण पिएत्रो बर्नार्दोने नावाच्या त्या बापाचा मुलगा त्या दिवशी गेला. संतांच्या चरित्रात त्याला खलनायक करून मोकळे होतात. मला त्याचं वाईट वाटतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पौलाने फिलेमोनला लिहिलेलं पत्र. फक्त २५ वचनं, चहा होईपर्यंत वाचून होतं. फिलेमोनचा गुलाम अनेसिम, कायद्याने त्याची मालमत्ता, म्हणजे इथे वस्तू आणि माणूस एकच आहे, यापेक्षा अवघड केस कुठली असणार. तो मालकापासून दुरावलेला, आणि बंदिवासातल्या पौलाला येऊन भेटलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि पत्रात लिहितो, मला तुला हुकूम करता आला असता, पण प्रेमाखातर विनंतीच करतो, आता त्याला गुलाम म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे, मी आलोय असं समजून घे. आणि मग पैशाचं! त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड. मी पौल माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. तुझं स्वतःचं आयुष्यच तू मला देणं लागतोस हे मी काढत नाही, असं म्हणत ते काढतोच.

म्हणजे हिशेब मिटवू नको, विसर, असं तो म्हणत नाही. हिशेब आहे, मान्य, फक्त तो या माणसाच्या डोक्यावर ठेवू नको, माझ्या डोक्यावर दे. भांडणात असा एक तिसरा माणूस लागतो, जो न्यायाधीश होत नाही, वाटणीही करत नाही, स्वतःच्या खिशात हात घालतो. आमच्या मशीनच्या वेळी असं कोणी नव्हतं, मी होते पण मी बटणांचा डबा घेऊन गप्प बसले होते.

आणि पत्राच्या शेवटी, एवढं सगळं गोड बोलून झाल्यावर, पौल जाता जाता लिहितो की हो, माझ्यासाठी राहायला एक खोली पण तयार ठेव, तुमच्या प्रार्थनेने माझी सुटका होईल अशी आशा आहे. विनंतीच आहे म्हणे! फिलेमोनला ते वाचून नक्की कळलं असणार की म्हातारा स्वतः येऊन बघणार आहे, अनेसिम कुठे झोपतो ते.